हजेरी, धरण आणि कंटेनर



पावसाळ्यात भोरला वीज आणि नेट यांचा काही भरवसा नसतो, त्यामुळे लिहायचं राहून जातं. आज दोन्ही आहेत, तेव्हा बसलेय. विषय जरा चमत्कारिक वाटेल. सत्तरी ओलांडलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेली बाई कंप्युटरच्या कंटेनरांवर काय लिहिणार, असं निदान माझ्या दिरांना तरी वाटेलच. वाटू दे. मला जे कळलं ते माझ्या पद्धतीनं सांगते, आणि ते सांगताना एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर घरातही कुणाला सांगितली नव्हती.

त्याचं असं झालं. गेल्या श्रावणात माझी नात आठवडाभर राहायला आली होती. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करता येतं म्हणाली. एका रात्री दोनच्या सुमाराला तिचा फोन वाजला. मी जागीच होते, या वयात झोप कुठली. ही उठून बसली, लॅपटॉप उघडला आणि पुटपुटली, "मेला परत."

मी घाबरून विचारलं, "कोण गेलं गं?"

"कोणी नाही आजी, झोप तू. पॉड मेला. म्हणजे आमचा प्रोग्राम. रात्री हिशेबाचं मोठं काम सुरू झालं की मरतो, आपोआप परत सुरू होतो आणि परत मरतो."

सकाळी चहा घेताना मी तिला म्हटलं, "मला हे पहिल्यापासून सांग. मधूनच सुरू केलेली गोष्ट मला कळत नाही."

"पहिल्यापासून म्हणजे कुठून?"

"पुण्यातल्या लोकांचं पहिल्यापासून म्हणजे परमपासून," मी म्हटलं. तिला वाटलं नव्हतं की आजीला परम माहीत असेल. अगं, १९९१ साली शाळेच्या वार्ताफलकावर ती बातमी मीच खडूनं लिहिली होती.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे नावाचा महासंगणक हवा होता. एक छोटा क्रे हवामानखात्याच्या कामासाठी दिल्लीला मिळाला, पण बंगळूरच्या विज्ञानसंस्थेला हवा होता तो अधिक ताकदीचा क्रे अमेरिकेनं दिला नाही. मग १९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रमुख डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षांची. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. नावातली गंमत अशी की इंग्रजी 'पॅरलल मशीन'मधली अक्षरं घेतली तर परम होतं आणि संस्कृतात परम म्हणजे सर्वश्रेष्ठ.

क्रेमध्ये थोडेच पण अतिशय वेगवान प्रोसेसर होते. परममध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या पुष्कळ छोट्या चिपा होत्या, पहिल्या यंत्रात ६४. प्रत्येकीची मेमरी स्वतःची, आणि प्रत्येकीला चारच दुवे, म्हणजे एका वेळी चार शेजारणींशीच बोलता यायचं. एका पहिलवानाऐवजी ६४ बायका भातलावणीला उतरवाव्यात तसं हे. काम लवकर होतं, पण वाटणी नीट हवी. एकीच्या हातात रोपं नसली की तिची ओळ रिकामी राहते आणि शेजारणीही खोळंबतात. यंत्र उभं करणं हे अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे एकट्या प्रोसेसरसाठी लिहिलेले हवामानाचे, गणिताचे प्रोग्राम फोडून या ६४ जणींत वाटून देणं. प्रोग्रामला आपलं घर नव्यानं शिकावं लागलं.

नात म्हणाली, "हो, आणि घर बदललं की परत सगळं शिकायचं."

तेही झालंच. ट्रान्सप्युटरचे दिवस लवकर सरले. पुढच्या परममध्ये दुसऱ्या चिपा आल्या, आणि १९९८ चा 'परम १००००' तर बाजारात मिळणारे तयार संगणक एकमेकांना जोडून केलेला होता. अशा जोडणीलाच क्लस्टर म्हणतात, आपण समूह म्हणू. दर वेळी सगळे प्रोग्राम पुन्हा लिहिणं परवडणारं नव्हतं. ही अडचण जगभर होती. १९९४ मध्ये बऱ्याच देशांतल्या मंडळींनी मिळून एमपीआय नावाची एक सामायिक रीत ठरवली. तिच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की प्रोग्राम सुरू झाला की आधी दोन प्रश्न विचारतो. आपण एकूण किती जण आहोत? आणि त्यात मी कितवा? ६४ जण असले तर काम ६४ जणांत वाटलं जातं, १६ असले तर १६ जणांत. प्रोग्राम तोच. फक्त जिथे आलोय तिथली चौकशी करून मग कामाला लागायचं.

मी म्हटलं, "म्हणजे पट आणि रोल नंबर." ती हसली. मला मात्र तेव्हाच काहीतरी खुपलं होतं, ते काय ते पुढे सांगते.

आता कंटेनर. कापूरहोळच्या फाट्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघत मी आयुष्यातले किती तास घालवले असतील देव जाणे. हमरस्त्यावरून जाणारे ते लांबलचक पेटारे तिथेच बघितले. ती कल्पना माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याची. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ पेटारे नेवार्कहून ह्यूस्टनला गेले. त्याआधी पोती, पिंपं, खोकी एकेक उचलून जहाजावर चढवत. ठरावीक मापाचा पेटारा आला आणि आत काय आहे याच्याशी क्रेनवाल्याचा संबंध संपला. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं.

कंप्युटरवाल्यांनी हाच शब्द उचलला. एकाच मोठ्या यंत्रात अनेक प्रोग्राम गुण्यागोविंदानं राहावेत म्हणून प्रत्येकाला भिंती घालून वेगळी खोली द्यायची. १९७९ च्या युनिक्समध्ये याचं अगदी साधं रूप होतं. तिथे प्रोग्रामला फायलींचा एक कोपरा तेवढा दिसायचा. लिनक्समध्ये २००८ साली प्रत्येकाची मेमरी आणि प्रोसेसर यांचा शिधा बांधून द्यायची सोय आली, त्या कामाची सुरुवात गूगलच्या इंजिनिअरांनी केली होती. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि असा पेटारा भरणं कुणालाही जमू लागलं. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, गूगलनं कुबरनेटिस जाहीर केलं. ग्रीक भाषेत याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेल. शेकडो यंत्रांच्या समूहात कुठला पेटारा कुठे ठेवायचा, कुठला बंद पडला, त्याच्या जागी दुसरा कधी सुरू करायचा, हे तो तांडेल बघतो. एक किंवा काही पेटारे मिळून जो लहानात लहान गठ्ठा होतो त्याला पॉड म्हणतात. पॉड म्हणजे शेंग. शेंगेत दाणे असतात तसं.

"मग मेला का?" मी मूळ प्रश्नावर आले.

नातीनं सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम करताना पसारा मांडायची जागा. त्यांचा प्रोग्राम जावा या भाषेतला. जावा आली १९९५ मध्ये, तेव्हा या पेटाऱ्यांचा पत्ता नव्हता. अख्खं यंत्र आपलंच, असं धरून चालायची तिची सवय. काही वेगळं सांगितलं नसेल तर सुरू होताना ती यंत्राची एकूण मेमरी बघते आणि तिच्या पाव हिश्शापर्यंत पसारा वाढवायला आपल्याला मोकळीक आहे असं समजते. यंत्र ६४ जीबीचं असलं तर १६ जीबी. पण पेटाऱ्याला शिधा बांधून दिलेला असतो १ जीबीचा! पेटाऱ्याच्या भिंती आल्या, पण जावाच्या डोळ्यांना त्या दिसत नव्हत्या. दिवसा काम थोडं, पसारा थोडा, काही बिघडत नाही. रात्री मोठा हिशेब सुरू होतो, पसारा १ जीबीच्या बाहेर जातो आणि लिनक्स त्याला तिथल्या तिथे ठार करतं. आपण काय चुकलो हेही त्या प्रोग्रामला कळत नाही. नोंदीत १३७ एवढा आकडा उरतो. पुढे २०१८ मध्ये जावा १० आणि त्याच वर्षी जुन्या जावा ८ ची सुधारित आवृत्ती आली, तेव्हापासून जावाला आपल्या पेटाऱ्याच्या भिंती दिसू लागल्या. नातीच्या कंपनीतला तो प्रोग्राम मात्र त्याहून जुन्या जावावर तसाच चालू होता, त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

प्रोसेसरचंही असंच. तिथे मर्यादा ओलांडली तर मारत नाहीत, थोपवून धरतात. गो नावाची गूगलचीच भाषा आहे, तीसुद्धा यंत्रातले सगळे प्रोसेसर आपलेच समजून तेवढे हात कामाला लावायची आणि मग सगळेच अडून बसायचे. तिला पेटाऱ्यातला आपला वाटा आपणहून ओळखता आला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. म्हणजे इतक्या हुशार मंडळींनाही ही साधी गोष्ट दुरुस्त करायला वर्षानुवर्षं लागली.

हे ऐकताना मला आमच्या धरणाचे दरवाजे आठवले. भाटघर धरण १९२८ सालचं. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की दर पावसाळ्यात पेपरात त्यांची बातमी येते. असे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला बसवले होते. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोरावर दार उघडतं, पातळी उतरली की पुन्हा जागेवर येतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. लहानपणी वडिलांनी एकदा भाटघरला नेऊन दाखवलं होतं. मी विचारलं, "दाराला कसं कळतं हो, धरणात किती पाणी आहे ते?" वडील म्हणाले, "त्याला धरणातलं सगळं पाणी मोजायचं नसतं. आपल्या उंबऱ्याशी किती आलं एवढंच बघायचं असतं."

नातीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आजी, अगदी हेच! जावा अख्खं धरण मोजत बसली आणि उंबऱ्याकडे बघितलंच नाही."

पण मग तिनं जे सांगितलं त्यानं मी गप्प झाले. मी म्हटलं होतं, "शेवटी चूक त्या प्रोग्रामचीच ना? ज्या घरात राहायचं त्या घराच्या रीती त्यानं शिकून घ्यायला नकोत?" ती म्हणाली, "अर्धीच त्याची. त्यानं विचारायला हवं, पण घरानंही सांगायला हवं."

आणि कुबरनेटिसमध्ये तशी सोय केलेली आहे. डाउनवर्ड एपीआय असं तिचं नाव. म्हणजे वरच्यानं खाली सांगायचं. तुझं नाव काय, तू कुठल्या यंत्रावर आहेस, तुझी मेमरी किती, प्रोसेसरचा वाटा किती, हे सगळं पेटाऱ्याच्या आत लिहून ठेवता येतं. आतल्यानं फक्त वाचायचं. शिवाय तांडेल अधूनमधून दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो. जिवंत आहेस का? आणि काम घ्यायला तयार आहेस का? जिवंत आहे पण तयार नाही, असं उत्तर आलं तर मारत नाहीत. फक्त तयार होईपर्यंत त्याच्याकडे काम पाठवत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटारा हलवायचा किंवा बंद करायचा असेल तर आधी निरोप देतात, की आवरतं घे. त्याला एरवी ३० सेकंद मिळतात. हातातलं काम संपव, वही मिटव, निरोप घे. त्यानंतरच सक्तीनं बंद. मेमरीचा शिधा ओलांडला तर मात्र हा निरोप नाही, म्हणून तर ती १३७ ची भानगड.

आता ती गोष्ट.

१९८३ साल. मी भोरला आठवीची वर्गशिक्षिका होते. जूनमध्ये तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका वाडीतून एक मुलगा आला. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) गावाकडे सातवीपर्यंतच शाळा, म्हणून भोरला मावशीकडे राहायला. अंगानं बारीक, कधी स्वतःहून बोलायचा नाही. प्रश्न विचारला तर उभा राहायचा आणि खाली बघायचा. मी मनात शिक्का मारून टाकला, की मठ्ठ आहे. जिवंत आहे पण अजून तयार नाही, हा फरक मला तेव्हा सुचला नाही.

जुलै लागला, पावसानं जोर धरला आणि तो यायचा बंद झाला. एक आठवडा, दोन आठवडे. शाळेचा नियम होता की सलग ठरावीक दिवस गैरहजर राहिला तर नाव कमी करायचं. मी पत्र पाठवलं नाही. मावशीचं घर दहा मिनिटांवर होतं, तिथेही गेले नाही. महिनाअखेरीला तक्ते भरायची घाई होती. लाल शाईची रेघ ओढली आणि पुढच्या महिन्याच्या पटावर त्याचं नाव लिहिलंच नाही.

माझं माहेर त्याच बाजूचं. जुलैत त्या भागात घराघरातले सगळे हात भातखाचरात असतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी स्वतः लहानपणी इरलं पाठीवर घेऊन लावणीला उतरलेली आहे. पण शाळेत खुर्चीवर बसले की ते सगळं मी वेशीबाहेर ठेवून येत असे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो परत आला. शेवटच्या बाकावर बसला. मी हजेरी घेतली. सगळी नावं झाली, पट मिटला. त्याचं नाव आलं नाही. तो 'हजर' म्हणण्यासाठी अर्धवट उठला होता, तसाच थांबला. पायांच्या बोटांना लावणीच्या चिखलानं कुया झालेल्या होत्या, त्या मला माझ्या खुर्चीवरून दिसत होत्या. मी म्हटलं, "तुझं नाव कमी झालंय. ऑफिसात जाऊन विचार." नवीन गावातल्या तेरा वर्षांच्या मुलाला ऑफिसात जाऊन काय विचारायचं ते कसं कळणार? त्यानं दप्तर उचललं आणि गेला. ऑफिसात गेलाच नाही, हे मला संध्याकाळी कळलं. मावशीकडे मी तेव्हा गेले. तो दुपारच्या एसटीनं वाडीला परतला होता. पुन्हा आला नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आजी, तीस सेकंदसुद्धा नाही दिलेस गं त्याला."

रागावून नव्हती म्हणाली. पण खरं होतं ते.

त्यानंतरच्या जूनपासून मी एक केलं. आठवीच्या पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. शाळेचे नियम तोंडी आणि फळ्यावर सांगायचे. घंटा कुठली कशाची, फी माफीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, किती दिवस रजा चालते, ऑफिसातले कारकून कुठे बसतात. मग विचारायचं, लावणीला कोण कोण जाणार? हात वर झाले की नावं वेगळ्या वहीत लिहून घ्यायची, मुख्याध्यापकांची आधीच परवानगी काढायची आणि ती मुलं परत आली की बुडालेला अभ्यास करून घ्यायचा. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, हे चालू ठेवलं. त्याला काही खास म्हणायचं कारण नाही. घरानं पाहुण्याला सांगायला हवं होतं तेवढंच सांगितलं. पण जो गेला तो त्या वहीच्या आधीच गेला.

नातीच्या प्रोग्रामचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. त्यांनी जावा नवी घेतली, शिधा थोडा वाढवला, आणि त्याच आठवड्यात ती रात्रभर झोपली. पुण्यात परमचं घराणंही चालू आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'परम रुद्र'पैकी एक यंत्र नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामाला लागलं आहे. त्या यंत्रांवरचे प्रोग्रामही सुरू होताना विचारत असतील, आपण किती जण, मी कितवा. त्यांना उत्तर मिळतं.

तो मुलगा आता पंचावन्न-छप्पन्नचा असेल. कुठे आहे, काय करतो, मला माहीत नाही. आपल्या नात्यातली तिघं-चौघं अजून शाळांमधून शिकवताहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिलं. जुलैत तुमच्या पटावर एखादं नाव सलग गैरहजर दिसलं, तर लाल शाईचं पेन उचलायच्या आधी चपला घाला आणि त्याच्या घरी जाऊन या. दहा मिनिटं लागतात.

असो. पाऊस वाढलाय, वीज जायच्या आत हे टाकते.